सराव सामन्याची गजाल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'माहिती तंत्रज्ञान आणि ग्रामीण विद्यार्थी' असा विषय छापला आहे. त्या विषयावर बोलणारे माझ्याहून चांगले लोक या सभागृहातच आहेत. आणि खरं सांगायचं तर तो विषय ऐकायला तुम्ही रात्रभर प्रवास करून आचऱ्याला आलेला नाहीत. आपल्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले तीन महिने मेळाव्याची तयारी चालली आहे. वर्गणी किती, जेवणात सोलकढी की ताक, सरांना शाल की पुस्तक, या सगळ्यावर मिळून जेवढी चर्चा झाली तिच्या दुप्पट चर्चा एका कबड्डीच्या सामन्यावर झाली. तोही सराव सामना! आपण दहावीत असताना, १९९५ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या मैदानावर शेजारच्या शाळेशी झालेला. मस्कतहून एकाचा पहाटे दोन वाजता मेसेज येतो, "पाय लॉबीत नव्हतो. मी खांबाकडे उभो होतंय." त्यावर त्या शेजारच्या गावात सासर असलेल्या आपल्या मैत्रिणीचं लगेच उत्तर, "आमचे हे म्हणतत, होतो."

तेव्हा आज तीच गजाल सांगते. त्या शाळेचं नाव घेत नाही. तिथले दोन जावई आज पाहुणे म्हणून समोर बसले आहेत आणि अजून जेवण व्हायचं आहे.

जे आपल्या बॅचचे नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागून सुरू करते. शालेय क्रीडा स्पर्धा पावसाळा ओसरत आला की सुरू होतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग. आपला सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतो, म्हणजे पुढे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची पोरं समोर उभी. त्यानंतर राज्य. तालुक्याला हरलं की वर्ष संपलं, पुन्हा संधी नाही. म्हणून नारळी पौर्णिमा आणि गणपती यांच्या मधल्या दिवसांत, एखाद्या शनिवारी अर्ध्या शाळेनंतर, दोन शाळा आपापसात एक सामना खेळून घेत. त्याला ना चषक, ना प्रमाणपत्र, ना कुठल्या वहीत नोंद. ते टेम्पोने यायचे आणि आपण त्यांना चहा-बटाटेवडा द्यायचो. पुढच्या वर्षी आपण जायचो आणि ते द्यायचे. वड्यांच्या बाबतीत ते आपल्यापेक्षा सरस होते, हे मी आज जाहीरपणे मान्य करते.

पंचही घरचेच. पहिल्या डावात त्यांच्या सरांच्या तोंडात शिट्टी, दुसऱ्या डावात आपल्या सरांच्या. खऱ्या सामन्याला सरपंच, दोन पंच, रेषापंच, गुणलेखक असा सगळा लवाजमा लागतो. इथे दोन सर, एक शिट्टी आणि गुण लिहायला एक पोरगी. ती पोरगी मी. मी मुलींच्या संघात राखीव होते, आणि राखीव खेळाडू बाहेर बसलेलाच असतो म्हणून वही त्याच्या हातात द्यायची, अशी आपल्या सरांची पद्धत होती. सर, तुम्ही हसताय, पण त्या वहीनेच मला पुढे नोकरी दिली असं मला अधूनमधून वाटतं. जे घडलं ते, ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने, आपलं मत न घालता लिहायचं. आजही माझं निम्मं काम हेच आहे.

आता मैदान. सकाळी मैदानावर फक्की मारली होती. अकराच्या सुमाराला सर आली आणि फक्की धुऊन गेली. पुन्हा मारायला फक्की उरली नव्हती. कुणीतरी शेजारच्या घरातून चुलीची राख आणली आणि मध्यरेषा, निदान रेषा तेवढ्या ओढल्या. लॉबीच्या रेषेला राख पुरली नाही. तिथे पायाच्या अंगठ्याने चर मारला. तांबडी ओली माती, त्यात अंगठ्याने मारलेला चर. पंधरा मिनिटं चौदा पोरं त्यावर नाचल्यावर तो चर कुठे राहणार? ज्या रेषेवर पाय होता की नव्हता यावर तीस वर्षं वाद चालला आहे, ती रेषा त्या क्षणी जमिनीवर होती का, हे कुणी विचारलंच नाही.

लॉबी म्हणजे काय ते ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिली त्यांना सांगते. मैदानाच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटरची पट्टी असते. चढाई करणाऱ्याने कुणाला स्पर्श करण्याआधी त्या पट्टीत पाय टाकला तर तो बाद. पण एकदा स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की तीच पट्टी मैदानाचा भाग होते आणि तिथून पळून आलं तरी चालतं. म्हणजे प्रश्न पाय कुठे पडला एवढाच नसतो. आधी काय झालं, हात लागला की पाय पडला, हा खरा प्रश्न. माझ्या धंद्यात अशा भानगडीला आम्ही फार घाबरतो. दोन गोष्टी जवळजवळ एकाच क्षणी होतात आणि कुठली आधी झाली यावर सगळं अवलंबून असतं. तिथे आम्ही सेकंदाचे हजार भाग करून वेळ नोंदवतो. मैदानावर होत्या दोन गावांच्या जिभा.

सामना असा झाला. पहिल्या डावात आपण १४, ते ११. दुसऱ्या डावात ते चढत गेले. शेवटची चढाई आली तेव्हा आपण २३, ते २४. आपला गडी आत गेला, उजव्या कोपऱ्याकडे झेपावला, कोपरारक्षक आणि त्याच्या बाजूचा असे दोघे त्याच्यावर आले, तो बाजूच्या पट्टीतून वळसा घालून मध्यरेषेपार आला. आपल्या लोकांचं म्हणणं, दोघांना हात लागला, दोन गुण, आपण २५-२४ ने जिंकलो. त्यांचं म्हणणं, पाय आधी लॉबीत, गडी बाद, ते २५-२३ ने जिंकले. सरांनी लांब शिट्टी मारली आणि निर्णय काहीच दिला नाही. "वेळ संपली, चला, चहा थंड होतोय," एवढंच म्हणाले.

सर, तुम्ही तेव्हा निर्णय दिला असता तर आज मला दुसरा विषय शोधावा लागला असता.

चहा कुणी प्यायला नाही. त्या दिवशी मैदानाभोवती पोरं कमी आणि बापे जास्त होते. बंदरावरून लोक आले होते, बाजारातून आले होते, त्यांच्याकडून टेम्पोमागे चार स्कूटर आल्या होत्या. "आमी जिकलांव" आणि "खयसून जिकलास?" एवढ्या दोनच वाक्यांवर अर्धा तास गेला. टेम्पो निघाला तो आचरा तिठ्यावर पुन्हा अडवला गेला. मारामारी झाली असं जे ग्रुपवर लिहिलं जातं ते खरं नाही. एक छत्री मोडली. कुणाची ते दोन्ही गावांना माहीत आहे. आपल्याकडे गावपळणीला अख्खा गाव गुराढोरांसकट, कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर जातो. त्यानंतर कितीतरी गावपळणी झाल्या, सगळं बाहेर नेलं आणि परत आणलं, पण ही गजाल कुणी वेशीबाहेर टाकून आलं नाही.

हे आपल्याच गावाचं वेड आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग मी अभियांत्रिकीसाठी कोल्हापूरला गेले. तिथल्या फुटबॉलबद्दल मी काय सांगावं? शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आल्या की शहराचे दोन भाग होतात. तिथे एका जुन्या संघाचं नाव प्रॅक्टिस क्लब आहे. नाव प्रॅक्टिस, पण त्यांच्या समर्थकांना जाऊन "हा सराव आहे, मनावर घेऊ नका" असं सांगून बघा!

त्याच्याही पुढचं मी अमेरिकेत पाहिलं. कंपनीच्या कामासाठी वर्षभर टेक्सासमध्ये डॅलसजवळ होते. तिथे शाळेचं फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन धडका देत पळायचं ते त्यांचं फुटबॉल, हा जवळजवळ सणच असतो. डॅलसजवळच्या अॅलन गावाने शाळेच्या संघासाठी अठरा हजार माणसं बसतील असं स्टेडियम बांधलं. २०१२ साली ते उघडलं, खर्च सहा कोटी डॉलर. दोन वर्षांत काँक्रीटला भेगा दिसल्या आणि २०१४ चा हंगाम ते बंद ठेवावं लागलं, ही त्यातली मला जास्त आवडणारी गोष्ट. पण मी पाहिला तो सामना दुसऱ्या एका लहान गावातला. हंगाम सुरू होण्याआधी ऑगस्टच्या उकाड्यात दोन शाळा एक सराव सामना खेळतात. त्याला ते स्क्रिमेज म्हणतात. दोन्ही प्रशिक्षक मैदानात खेळाडूंच्या मागे उभे, ठरावीक चाली एका संघाने करायच्या, तेवढ्याच दुसऱ्याने. गुणफलक बंद. कारण गुण मोजायचेच नसतात.

माझ्या शेजारी ऑफिसातला एक सहकारी, त्याच्या पुढच्या बाकावर त्याच्या मुलाच्या विरुद्ध शाळेतल्या एका मुलाचा बाप. गुणफलक बंद होता, या दोघांच्या डोक्यातला चालू होता. एक म्हणे, आम्ही तीन वेळा ओलांडून गेलो, तुम्ही दोनदाच. दुसरा म्हणे, तेव्हा आमची दुसरी फळी मैदानात होती. पहिला म्हणे, मग पहिली का नाही काढलीत? हे इंग्रजीतून चाललेलं मी ऐकत होते आणि मनात मालवणीतून ऐकू येत होतं. छत्री तेवढी कुणाकडे नव्हती.

"तेव्हा आमची दुसरी फळी होती." हे वाक्य डोक्यात घेऊन मी हॉटेलवर आले. त्या वर्षी सुट्टीत आचऱ्याला घरी आले तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली आणि ती गुणांची वही काढली. पानं वाळवीने कडेला खाल्ली आहेत, अक्षरं शाबूत आहेत. अनेकांना वाटतं ती वही हरवली. हरवलेली नाही. ही बघा.

शेवटची चढाई कुणी केली? ग्रुपवर विचारा, मस्कतपासून बोरिवलीपर्यंत सगळे एकच नाव सांगतील. आपला तो उंच चढाईपटू, जो आत्ता तिसऱ्या रांगेत बसून मान खाली घालतो आहे. गेली तीस वर्षं लग्नात, तेराव्याला, देव रामेश्वराच्या जत्रेत, जिथे भेटेल तिथे लोक त्याला विचारतात, "खरा सांग, पाय लॉबीत होतो मा?" आणि तो तीस वर्षं आपल्या पायाची बाजू लढवतो आहे.

वहीत लिहिलं आहे: दुसरा डाव, चौथं मिनिट, बदली. क्रमांक ३ बाहेर, क्रमांक ११ आत.

क्रमांक ३ म्हणजे तोच. तो चौथ्या मिनिटाला बाहेर आला तो पुन्हा आत गेलाच नाही. शेवटच्या चढाईला तो माझ्या शेजारी बाकावर बसून शेंगदाणे खात होता. लोकांनी त्याला इतक्या वेळा विचारलं की त्यालाही ती चढाई आठवायला लागली. मी त्याला काल हे पान दाखवलं. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "मगे इतकी वर्सा मी कोणाचो पाय सांभाळतंय?"

क्रमांक ११ आठवीतला मुलगा होता. त्याने दुसऱ्या डावात सात चढाया केल्या. पहिल्या सहांपैकी पाच वेळा तो पकडला गेला. आपण दुसऱ्या डावात मागे का पडलो याचं उत्तर तेवढंच आहे. आणि वही नीट वाचली तर आणखी एक दिसतं. त्यांच्याही सरांनी दुसऱ्या डावात आपला चांगला डावा कोपरा उजवीकडे उभा केला होता आणि डावीकडे एक नवा मुलगा आणला होता. म्हणजे मैदानाच्या आत दोन सर एक खेळ खेळत होते आणि बाहेर दोन गावं दुसराच. सरांना बघायचं होतं की दहावीची पोरं गेल्यावर पुढच्या वर्षी चढाई कोण करणार. आठवीतल्या पोराला सहा वेळा पकडू देणं, हेच त्या सामन्याचं काम होतं. खऱ्या सामन्यात ते परवडलं नसतं.

आमच्याकडे सॉफ्टवेअर लोकांच्या हातात देण्याआधी वेगळ्या यंत्रावर चालवून बघतात. तिथे ते मोडलं तर बरंच असतं, मोडावं म्हणूनच तिथे चालवतात. पण एखादा वरिष्ठ तिथल्या चुका मोजायला लागला, मीटिंगमध्ये "या आठवड्यात किती वेळा पडलं" असं विचारायला लागला, की काय होतं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पोरं अवघड गोष्टी चालवून बघायच्याच थांबतात. सोपं तेवढं चालवतात आणि सगळं हिरवं दाखवतात. मग जे मोडायचं ते लोकांच्या हातात मोडतं.

तर त्या क्रमांक ११ ला मी शोधलं. तो आपल्या बॅचचा नाही, म्हणून ग्रुपवर नाही. आता त्याचं गॅरेज आहे. फोनवर आधी त्याला मी कोण ते कळेना, मग "वहीवाली ताई" म्हटल्यावर ओळखलं. मी विचारलं, शेवटच्या चढाईला पाय कुठे होता? तो क्षणभर थांबलाही नाही. "ताई, पाय आधी लॉबीत गेलो. मगे हात लागलो. मी बाद होतंय." मी म्हटलं, इतकी वर्षं बोलला का नाहीस? तर म्हणाला, "माका कोणी इचारूकच नाय."

(इथे सभागृहात बराच गोंधळ झाला. पाहुणे जावई उभे राहिले. तो भाग मी स्मरणिकेसाठी लिहून काढलेला नाही. - वक्ती)

शांत व्हा. म्हणजे ते २५-२३ ने जिंकले. लिहून घ्या आणि विसरा, कारण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे.

पुढच्या वर्षी सामना झाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. भांडण पोरांचं नव्हतं, दोन्ही संघ त्या दिवशी विहिरीवर एकत्र पाय धूत होते. पण छत्रीची गोष्ट वाढत वाढत दोन्हीकडच्या मोठ्यांपर्यंत गेली आणि "कित्याक उगाच झंझट" म्हणून सराव सामना बंद झाला. क्रमांक ११ नववीत संघातून गळला. तिठ्यावर त्याला लोक काय काय बोलले ते त्याने मला सांगितलं, ते मी इथे सांगत नाही. बोललेल्यांपैकी काही आता हयात नाहीत. त्याला पुन्हा सहा वेळा पकडलं जाण्याची जागाच मिळाली नाही, एवढंच म्हणते.

मुलग्यांचं तरी एक बरं होतं. त्यांना गावातली मंडळं होती. दिवाळीनंतर रात्रीच्या स्पर्धा, दिव्यांच्या उजेडात, या वाडीचा संघ, त्या वाडीचा संघ. शाळेत नाही तर तिथे खेळले. मुलींना काय होतं? मुलींना शाळेबाहेर कबड्डी नव्हतीच. रात्रीच्या स्पर्धेला मुलगी बघायला जाणंसुद्धा मोठ्या भावाच्या परवानगीवर होतं.

त्या शनिवारी मुलींचाही सामना झाला होता. किती जणांना आठवतो? हात वर करा. चार. त्यातल्या तीन खेळलेल्या आहेत. वहीत तो आधीच्या पानावर आहे. मुलग्यांच्या सामन्याआधी झाला, तेव्हा बंदरावरची मंडळी पोहोचायची होती, मैदानाभोवती आठवीचे दोन वर्ग आणि एक गाय एवढेच प्रेक्षक. आपण १९-१२ ने जिंकलो. आपल्या कर्णधारीने एका डावात पाच पकडी केल्या, त्यातल्या दोन घोट्याच्या, निसरड्या मातीत. दुसऱ्या डावात पाऊस पुन्हा सुरू झाला, तरी कुणी थांबलं नाही. एकही वाद झाला नाही. म्हणूनच कुणाला आठवत नाही, असं माझी मैत्रीण म्हणते. मला वाटतं कारण वेगळं आहे, पण तिने पकडी केल्या होत्या, मी नाही, म्हणून तिचं ऐकते.

मुलींचा सराव सामना हा मुलग्यांच्या सामन्याबरोबर व्हायचा. टेम्पो मुलग्यांसाठी ठरायचा, त्यात मागे मुली. टेम्पो बंद झाला, मुलींचं बंद झालं. मुलींशी कुणाचंच भांडण नव्हतं, त्यामुळे त्यांचा सामना वेगळा चालू ठेवावा असं सुचायला तरी कुणाला कारण नव्हतं. माझी धाकटी बहीण पुढच्या वर्षी संघात होती. वर्षभर त्या सातजणी त्यांच्याच पाच राखीव मुलींविरुद्ध खेळल्या. तालुक्याला पहिल्याच फेरीत परका संघ समोर आला तो त्यांनी आयुष्यात पाहिलेला पहिला परका संघ. पहिल्या सहा मिनिटांत लोण चढला. घरी येऊन ती म्हणाली, "ताई, त्या खूप जोरात ओढतात गं." बस एवढंच. कुणीतरी जोरात ओढतं हे कळायला एक शनिवार पुरला असता.

पुरुषांची कबड्डी १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत गेली आणि सुवर्णपदक घेऊन आली. आपण तेव्हा पाचवीत होतो, शाळेत पेढे वाटले होते. महिलांची कबड्डी आशियाई स्पर्धेत यायला २०१० उजाडलं, वीस वर्षं लागली. टीव्हीवरची प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली. महिलांसाठी २०१६ ला तीन संघांची एक छोटी स्पर्धा त्याच्या जोडीला घेतली. टेम्पोत मागे बसवल्यासारखी.

आता कामाचं बोलते. मी दोन्ही शाळांच्या आत्ताच्या क्रीडाशिक्षकांशी बोलले आहे. पटसंख्या आपल्या जिल्ह्यात सगळीकडेच उतरली आहे, बारा जणांचा संघ उभा करताना शिक्षकांची दमछाक होते, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तालुक्याला अजून माती चालते, वर गेलं की मॅट. अनवाणी मातीवर वाढलेलं पोर बूट घालून मॅटवर उभं राहिलं की त्याचा पायच बसत नाही. मॅटचा खर्च एका बॅचला झेपणारा नाही, आज मी ते मागत नाही. मागते आहे ती साधी गोष्ट. तो शनिवार परत द्यायचा.

दोघेही शिक्षक तयार आहेत, काही अटींवर. पहिली अट त्यांची. पंच बाहेरचे, दोन्ही गावांशी सोयरीक नसलेले. तालुक्यात असा माणूस मिळणं अवघड आहे, शोधतो आहोत. दुसरी अट माझी. आधी मुलग्यांचा सामना, मग मुलींचा. लोक जमलेले असतील तेव्हाच मुली खेळतील. चहा-वडा मुलींच्या सामन्यानंतर, म्हणजे कुणी मधेच उठणार नाही. तिसरी दोघांची मिळून. प्रत्येक संघाने एक तरी पूर्ण डाव आठवी-नववीच्या मुलांना द्यायचा आणि त्या डावात बाहेरून कुणी नाव घेऊन ओरडायचं नाही. नाव न घेता ओरडायला हरकत नाही. तेवढंही बंद केलं तर आचऱ्याचं माणूस येणारच नाही.

गुण मोजायचे की नाही यावर आमचं एकमत झालं नाही. पलीकडचे सर म्हणाले, मोजूच नका. मी म्हटलं, नाही मोजले तर मस्कतमध्ये मोजतील. शेवटी असं ठरलं की वही असेल, पण ती राखीव खेळाडूच्या हातात असेल, आणि सामना झाल्यावर दोन्ही शिक्षक ती घेऊन जातील. ही जुनी वही मी आज मुख्याध्यापकांकडे देते आहे. ज्यांना पान बघायचं असेल त्यांनी बघावं. मुलींचं पान आधी येतं.

टेम्पोचं भाडं आणि वडे आपल्या बॅचकडे. दोन टेम्पो लागतील, एकात मुलगे, एकात मुली. गॅरेजवाला म्हणाला आहे की एक टेम्पो तो स्वतः चालवत आणेल, आणि त्याची मुलगी आठवीत आहे, तीही त्यातूनच येईल. ती त्यांच्या शाळेत शिकते, आपल्या नाही, हे जावयांनी कृपया ध्यानात घ्यावं.

तारीख नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला कोरडा शनिवार. फक्की या वेळी दोन पोती आणायची आहे. कोण आणतंय ते जेवायला बसण्याआधी मला येऊन सांगा.